पेच पाहून पाना

मामांच्या गॅरेजातून आमच्या घरी आलेली एकच वस्तू माझ्या टेबलावर आहे : बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा. झाकणावरचे चित्र ग्रीसने आणि बोटांच्या घामाने इतके पुसट झाले आहे, की तिथे कधीकाळी फुलदाणी होती की बग्गी, हे आता सांगता यायचे नाही. झाकण आधी एका कोपऱ्यात अडते, मग अंगठ्याने किंचित दाबले की ‘टक्’ असा आवाज करून सुटते आणि जुन्या तेलाचा, लोखंडाचा, थोडासा रॉकेलचा वास वर येतो. आत सहा-सात हत्यारे. एकावरही कंपनीचा शिक्का नाही, एकावरही नंबर नाही. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा अशी पान्यांची जी भावंडे नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत जोडीजोडीने टांगलेली असतात, त्यांच्या गोतावळ्यात यांना जागा नाही. एखाद-दुसरे सोडले तर ही सारी मामांनी स्वतः घडवलेली, आणि बहुतेक वेळा कारण एकच : गाडीच्या इग्निशनमधला कुठलासा पेच सुटत नव्हता आणि तो सोडवील असे हत्यार त्या दिवशी हाताशी नव्हते.

गाण्याच्या मैफलीत आपण एखाद्या जागेसाठी थांबतो, ती पुन्हा मनात घोळवतो, आणि पुढची तान निसटली तरी हळहळत नाही. या डब्यापाशी मला तसेच बसायचे आहे. एकेक हत्यार उचलावे, खिडकीच्या उजेडात फिरवावे, त्याच्या कडेवरून बोट न्यावे, आणि ते कोणत्या अडचणीच्या मापाने बेतले गेले ते ओळखावे. आपणही या, जरा सरकून बसा.

आधी ‘पेच’ हा शब्दच थोडा चाखून पाहू. पतंगांचा पेच, कुस्तीतला पेच, पगडीचा पेच, मनाला पडलेला पेच, आणि लाकडात किंवा लोखंडात फिरत फिरत रुतणारा हा स्क्रूचा पेच. सगळ्यांत एक वळण आहे, एक गुंतणे आहे, आणि मनाच्या पेचाला काय, स्क्रूच्या पेचाला काय, मराठीने क्रियापद दिले आहे ‘सोडवणे’. तोडणे नव्हे. तोडायला बळ पुरते. सोडवायला मात्र वळण कुठून सुरू झाले ते आधी पाहावे लागते. इंजिनाच्या इतर भागांत साध्या षट्कोनी बोल्टांचे राज्य असते, पण इग्निशनच्या मुलखात पेचांची चालरीत बदलते. इथे जागा अरुंद, वस्तू नाजूक, आणि किल्लीच्या कुलपापाशी तर चोराची भीती. म्हणून कारखानदार इथे नेहमीच्या पान्याला दाद न देणारे पेच बसवतो : गोल, बिनधारेचे, खोल दडलेले, पाकळ्यांचे, काही तर माथाच नसलेले. कारखानदाराने घातलेला हा उखाणाच, आणि या डब्यात त्याची लोखंडात लिहिलेली उत्तरे आहेत.

पहिले उत्तर म्हणजे पाण्याच्या पाइपचा चार बोटे लांबीचा तुकडा. एका टोकाला आरपार भोक, त्यातून खिळा घातला की झाली फिरवायची टामी. दुसऱ्या टोकाकडे मात्र नीट पाहा. पाइपची सगळी कड कानशीने खाली उतरवली आहे, आणि समोरासमोर फक्त दोन दात उभे ठेवले आहेत, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे. दातांच्या बाजू सरळ आहेत, पण माथे अगदी हलके गोलावलेले, जणू समोरच्याला टोचू नये म्हणून. जुन्या गाड्यांत किल्लीचे कुलूप डॅशबोर्डाच्या पत्र्यातून बाहेर डोकावत असे आणि त्याला पुढून धरून ठेवणारा नट असे गोल, चकचकीत, कुठेही पकड न देणारा. त्याच्या अंगावर फक्त दोन खाचा. घाईचा माणूस त्यातल्या एका खाचेला स्क्रू ड्रायव्हर लावतो आणि हातोडी मारतो. दोन घावांनंतर नट ओरबाडतो, तिसऱ्या घावाला ड्रायव्हर घसरतो आणि डॅशबोर्डाच्या रंगावर कायमची रेघ उमटते. गाडीवाला ती रेघ पुढची दहा वर्षे रोज पाहतो.

मामांनी आधी माझ्या कंपासपेटीतले कर्कटक नेले. त्याची दोन टोके खाचांत बसली खरी, पण जोर लागताच एक पाय वाकला, आणि त्या वर्षी भूमितीच्या वहीतली माझी सारी वर्तुळे अंड्यासारखी आली. मग त्यांनी जे केले ते मी दाराशी उभा राहून पाहिले होते. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो आणि छाप-काटा कागदावर उगवायचा, आठवते? मामांनी त्या नटावर वहीचा कागद धरला आणि पेन्सिलीचे शिसे आडवे करून हळूहळू घासले. कागदावर एक काळे कडे उमटले आणि त्यात दोन पांढऱ्या फटी राहिल्या. तो कागद त्यांनी पाइपच्या तोंडावर ताणून बसवला, फटींच्या जागी खुणा केल्या, पाइप व्हाइसमध्ये धरला आणि कानस उचलली. फटी होत्या तिथे दात राहिले. बाकीचे सगळे झिजून गेले. नटात जे नव्हते, ते पाइपात आले. या दोन दातांवर बोट ठेवले की मला त्या कानशीचा लयदार आवाज ऐकू येतो : पुढे जाताना खरखर, मागे येताना शांतता, कारण मागे येताना कानस टेकवायची नसते.

दुसरे हत्यार दोघांचे मिळून आहे, आणि त्यांची गोडी कळायला डिस्ट्रिब्युटरच्या आत डोकवावे लागेल. मामांच्या गॅरेजात येत त्या मुख्यतः टॅक्सी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी. तिच्या डिस्ट्रिब्युटरचे काळे टोपण काढले, रोटर उचलला, की खाली एका गोल तबकडीवर बसलेला दिसतो तो पॉइंट : दोन इवल्या धातूच्या टिकल्या, एकमेकींना टेकणाऱ्या आणि दुरावणाऱ्या. टेकल्या की कॉइलमध्ये वीज साठते. दुरावल्या की तोच बारा व्होल्टांचा साधा प्रवाह हजारो व्होल्टांच्या झटक्याने प्लगकडे धावतो आणि ठिणगी पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास रूढ केलेली ही योजना पुढे सहा-सात दशके जगभरच्या मोटारींचा प्राण होऊन राहिली. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो आणि मिटतो. आणि उघडताना या टिकल्यांमध्ये अंतर किती असावे? एका मिलिमीटरच्या चार दशांशाच्या आसपास. ते कमी पडले तर ठिणगी प्लगवर पडायची ती इथेच रेंगाळते आणि टिकल्या जळून काळ्या होतात. जास्त झाले तर कॉइलला भरून यायला वेळच मिळत नाही, आणि वेग घेताच गाडी मिसिंग मारू लागते.

आता हा पॉइंट तबकडीवर पक्का करणारा स्क्रू पाहा. सरळ खाचेचा, शेंगदाण्याच्या निम्म्याहूनही लहान, आणि तो निसटला तर तबकडीच्या पोटात पडणार, म्हणजे सगळा डिस्ट्रिब्युटर बाहेर काढणे आले. शिवाय जागा इतकी कमी की सरळ ड्रायव्हर उभा राहत नाही. त्यावर मामांनी एका जुन्या ड्रायव्हरची दांडी भट्टीत लाल करून तिची दोन्ही टोके काटकोनात वळवली. डब्यातला तो वाकडा ड्रायव्हर उचलला की पहिल्यांदा वाटते, दोन्ही टोके सारखीच. मग उजेडात फिरवावे आणि गंमत दिसावी : एका टोकाचे पाते दांडीच्या रोखाने आहे, दुसऱ्याचे तिला आडवे. अडचणीच्या जागी ड्रायव्हर पुरता फिरत नाही, पाव फेराच फिरतो. मग तो उलटा करून दुसरे टोक लावायचे, पुन्हा पाव फेरा, पुन्हा उलटा. अर्धवट फेऱ्यांतून पूर्ण फेरा जमवण्याची ही युक्ती झिम्म्याच्या टाळ्यांसारखी आहे, हात बदलत राहतात आणि लय मोडत नाही.

त्या पात्यांच्या टोकांवर अजून एक निळसर-जांभळी झाक आहे. ती त्यांना पाणी दिल्याची खूण. लाल पोलाद पाण्यात बुडवले की काचेसारखे कडक होते आणि तसेच ठिसूळही. म्हणून टोक घासून लख्ख करायचे आणि दांडीकडून पुन्हा सावकाश तापवायचे. मग धातूवर रंग चालत येतात : आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागोमाग निळा. जांभळ्याचा निळा होऊ लागला की पुन्हा पाण्यात. अलीकडे थांबले तर टोक तुटेल, पलीकडे गेले तर वाकेल. त्या दोन चुकांच्या मधोमध जी एक घटका असते ती मामांना डोळ्यांनी कळत असे, आणि रागाच्या वेळेप्रमाणे ती टळू देऊन चालत नसे. टोकावर तो स्क्रू धरून ठेवण्यासाठी त्यांनी सायकलच्या व्हॉल्व-ट्यूबचा नखाएवढा तुकडा चढवलेला असे. स्क्रूचा माथा त्या रबरात बसे आणि बाळाने बोट धरावे तसा हत्याराला धरून राही.

आणि दुसरा जोडीदार? मेणकागदाच्या पुडीत गुंडाळलेली दाढीची चार पाती, धार दगडावर मारलेली. बाजारात फटी मोजायची पोलादी पट्ट्यांची फिलर मिळते. मामांची कुणीतरी नेली आणि परत केली नाही. पण दाढीचे पाते जवळजवळ नेमके एक दशांश मिलिमीटर जाड असते. चार पाती एकावर एक ठेवली की झाले चार दशांश! न्हाव्याच्या आणि मोटारीच्या दुनियेतली ही अनपेक्षित सोयरीक मला नेहमी हसवते, आणि हसता हसता थक्क करते. ती चार पाती पॉइंटच्या फटीत सारताना मामा डोळे मिटून घेत. सैल गेली तर नाही, अडली तरी नाही; वहीच्या दाबलेल्या पानांतून मोरपीस ओढताना जसा बारीकसा विरोध बोटांना जाणवतो, तेवढाच हवा. तो आला की म्हणत, “बसला.” मग वाकडा ड्रायव्हर, पाव फेरा, उलटा, पाव फेरा.

तिसरे हत्यार दिसायला सगळ्यांत सामान्य, आणि म्हणून कदाचित सगळ्यांत रसिकतेने पाहावे असे. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. फक्त त्याचे टोक चुकून बोथट झाल्यासारखे दिसते. ते चुकून झालेले नाही. फुलीचा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावाने १९३६ साली कॅडिलॅकच्या कारखान्यात शिरला आणि तिथून जगभर गेला. त्याचा गुण असा की ड्रायव्हर आपोआप मध्यावर बसतो, आणि दोष असा की जोर वाढला की तो आपोआप वर उचलला जातो. जपानने स्वतःची फुली घडवली. वरवर तीच, पण आतल्या कोनांत आणि तळाच्या गोलाईत निराळी. देवनागरी शिकणारा नवखा वाचक घाईत ‘ख’ला ‘रव’ वाचतो तसेच इथे होते : फिलिप्सचे अणकुचीदार टोक जपानी खाचेच्या तळाला आधी टेकते, बाजू अधांतरी राहतात, आणि जोर लावताच स्क्रूच्या कडा चोळामोळा होतात. पद्मिनीच्या सरळ खाचांवर पोसलेल्या हातांना ही नवी लिपी १९८०च्या दशकात शिकावी लागली. जपानी भागीदारीच्या मोटारसायकली आल्या आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी सुझुकीच्या घराण्याची मारुती ८०० पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती गेली, त्यानंतरच्या वर्षांत.

मामांना हे कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते. दोन-तीन स्क्रू बिघडल्यावर त्यांनी चौथ्याच्या माथ्याकडे भिंग लावून पाहिले. जपानी फुलीच्या स्क्रूवर पुष्कळदा एका बाजूला एक बारीक टिंब कोरलेले असते. कपाळावरच्या गोंदणासारखे ते टिंब त्यांना दिसले, आणि खाचेच्या तळाशी ड्रायव्हरच्या टोकाने पाडलेला चकाकता ओरखडाही दिसला. म्हणजे टोक खाली टेकत होते, बाजू टेकत नव्हत्या! त्यांनी ड्रायव्हरचे टोक कानशीवर दोनच हात मारून उतरवले, अगदी मोहरीएवढे. ड्रायव्हर खाचेत आणखी खाली गेला आणि चारही बाजूंनी टेकला. वर व्हॉल्व घासायच्या पेस्टचा एक ठिपका लावला, म्हणजे तिच्यातली खडी खाचेत रुतून घसरण थांबवते. हत्याराला काही जोडून ते समर्थ करणारे खूप असतात. दोन हात कमी करून समर्थ करणारा विरळा.

चौथ्या हत्याराला हत्यार म्हणताना माझी लेखणी थोडी लाजते, कारण ते लेखणीच आहे : पांढऱ्या प्लॅस्टिकचे साधे बॉलपेन, मागचे टोक वितळून पुन्हा घट्ट झालेले. काही गाड्यांच्या इग्निशनच्या भागांवर सहा पाकळ्यांचा पेच असतो, टॉर्क्स नावाचा, अमेरिकेत १९६७ साली जन्मलेला. फिलिप्सप्रमाणे तो हत्याराला वर ढकलत नाही, कारण त्याच्या पाकळ्यांच्या भिंती उभ्या आहेत. आपल्या घरात या आकाराचा जवळचा नातलग सापडतो तो चकलीच्या सोऱ्यात, चांदणीच्या भोकाच्या चकतीत. पण कुणी उघडू नये असे जिथे वाटते, तिथे कारखानदार या चांदणीच्या मधोमध एक बारीकशी खुंटी उभी ठेवतो. वरून पाहिले तर सहा पाकळ्यांच्या मध्ये केसरासारखी ती उभी दिसते, आणि इतके सुंदर रूप केवळ ‘नाही’ म्हणण्यासाठी घडवले आहे, याची मौज वाटते. साधी टॉर्क्सची की तिच्यावर आपटते आणि थांबते.

कुणी ती खुंटी छिन्नीने मोडतो, कुणी कीच्या टोकाला भोक पाडतो. मामांनी खिशातले पेन काढले, टोपण उडवले, मागचे टोक काडीच्या ज्योतीवर धरले, प्लॅस्टिक मऊ होऊन चमकू लागताच ते त्या फुलात दाबले आणि शंभर आकडे मोजले. पेन बाहेर आले तेव्हा त्याच्या टोकाला सहा कळ्या होत्या आणि मध्ये, बरोब्बर खुंटीच्या जागी, एक खोल भोक. आता हे टोक नखाने चाचपून पाहा. पेच जिथे फुगला तिथे हे दबले आहे, तो जिथे दबला तिथे हे फुगले आहे. कानशीचे काम नाही, मापाचे काम नाही. पेचाने स्वतःच आपली किल्ली ओतून दिली. अर्थात प्लॅस्टिकचा जीव तो केवढा! पेच घट्ट असता तर पाकळ्या पिळवटल्या असत्या. मामांना ते ठाऊक होते. म्हणून आधी त्यांनी स्क्रूच्या माथ्यावर हातोडीने टकटक केली, गंज हलवला, रॉकेलचा थेंब सोडला, आणि चहा पिऊन आले. त्यानंतरच पेन फिरवले, दोन बोटांत, तंबोऱ्याची खुंटी पिळावी इतक्या हळू.

पाचवी वस्तू या डब्यात परदेशी पाहुणी आहे. माझा मामेभाऊ १९९०च्या दशकात अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथे त्याने एक जुनी गाडी घेतली. तिच्या डिस्ट्रिब्युटरच्या कुशीलाच इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक मोड्यूल चिकटवलेले होते. इंजिनाच्या धगीत ते तापे, आणि तापले की गाडी हमरस्त्यावर निमूटपणे बंद पडे. थंड झाले की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मोड्यूल बदलायचे तर दोन स्क्रू काढायचे, पण त्यांचे साडेपाच मिलिमीटरचे षट्कोनी माथे एका अरुंद खोबणीत असे दडलेले, की साध्या सॉकेटची, आपल्या गॅरेजातल्या भाषेत गोटीची, भिंतच आत शिरेना. पोकळी जुळत होती, जाडी आडवी येत होती. त्याने स्वस्तातली एक गोटी विकत घेतली, ती हातड्रिलच्या तोंडात धरली, ड्रिल फिरते ठेवले आणि फिरत्या गोटीवर कानस टेकवली. ड्रिल झाले लेथ. भिंत सोलत सोलत कागदी बांगडीसारखी पातळ झाली, आणि गोटी त्या खोबणीत उतरली. नवे मोड्यूल बसवताना त्याच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट सारखी पसरायला तो विसरला नाही, हेही त्याने पत्रात कौतुकाने कळवले होते.

पुढच्या सुट्टीत येताना त्याने ती गोटी वडिलांना दाखवायला आणली. चॉकलेटे आणि अत्तरे बाजूला राहिली. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला, गोटी बल्बखाली धरली आणि बराच वेळ फिरवत राहिले. ते काय शोधत होते ते मला नंतर समजले. ते निळा रंग शोधत होते. घासताना पोलाद तापून निळे पडले, तर त्याचे पाणी उतरते आणि एवढी पातळ भिंत पहिल्याच जोराला उमलते. निळा कुठेच नव्हता.

“मधे मधे पाण्यात बुडवत होतास?”

“मग कॉफीचा मग शेजारी ठेवला होता,” मामेभाऊ म्हणाला, “पाणी भरून.”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी डबा उघडला आणि गोटी आत ठेवली. आमच्या घराण्यात याहून मोठा सन्मान नव्हता.

सहावे हत्यार मी सहसा पाहुण्यांच्या हाती देत नाही. ती कमानीच्या पाट्याच्या पोलादातून घडवलेली बोटभर छिन्नी आहे, धार एका बाजूने तिरपी. स्टिअरिंगच्या दांड्यावर इग्निशनचे कुलूप ज्या बोल्टने आवळलेले असते, त्याची रचना विलक्षण असते. त्याच्या मानेला मुद्दाम कंबर ठेवलेली असते, बारीक. कारखान्यात आवळताना ठरावीक जोर होताच माथा तिथून मोडून गळून पडतो, आणि मागे उरते एक गुळगुळीत घुमटी. पाना लावायला कड नाही, ड्रायव्हरला खाच नाही. आत जाण्याचा दरवाजा बाहेर पडताना स्वतःच नाहीसा व्हावा, तसा हा बोल्ट. ‘मेख मारून ठेवणे’ या आपल्या वाक्प्रचाराचे याहून चोख चित्र मला ठाऊक नाही.

पण घुमटीलाही कड असते, आणि कडेला स्पर्शरेषा असते. छिन्नीची तिरपी धार त्या कडेवर टेकवायची, आधी सरळ मारून इवलीशी खाच पाडायची, मग हात कलता करून सुटण्याच्या दिशेने टकटक करत राहायचे. हातोडी लहान, घाव लहान, पुष्कळ. दहा-वीस घावांपर्यंत काहीच होत नाही. मग आवाज बदलतो. भरीव ‘ठक’ होता तो किंचित पोकळ होतो, आणि कानाला कळते की मेख हलली. ते डोळ्यांना पुढच्या घावाला दिसते.

या हत्याराआधी मात्र एक विधी असे. मामा हात पुसत आणि म्हणत, “आरसी बुक दाखवा.” ओळखीचा असला तरी. कागदावरचा चासी नंबर गाडीच्या पत्र्यावरच्या नंबराशी जुळवून पाहत आणि मगच छिन्नी उचलत. कारण हा पेच ज्या चोरासाठी घातला, तो चोरही हेच करील. हात तोच, घाव तोच, मेखही तीच. त्या दोघांमध्ये एक मळके पुस्तक उभे असते, आणि ते मागायला मामा एकदाही विसरले नाहीत. या छिन्नीचा आस्वाद घेताना ती सवय तिच्या पोलादाइतकीच हाताला लागते.

आता सगळी हत्यारे टेबलावर ओळीने मांडू. दोन दातांचा पाइप, वाकडा ड्रायव्हर, चार पाती, बोथट केलेली फुली, कळ्यांचे पेन, सोललेली गोटी, तिरपी छिन्नी. ‘जुगाड’ या शब्दाने यांना हाक मारावी असे अनेकांना वाटेल, पण मला तो शब्द इथे तोकडा वाटतो. जुगाडात काम भागवण्याची घाई आहे. इथे घाई कुठेच दिसत नाही. इथे आधी पेन्सिल घासली आहे, भिंग लावले आहे, रंग चालत येण्याची वाट पाहिली आहे, शंभर आकडे मोजले आहेत. बाजारातला पाना पेचांच्या एका अख्ख्या जमातीसाठी घडतो. त्याला समोरच्या एकाकडे पाहण्याची गरजच नसते. नंबर जुळला की पुरे. ही हत्यारे एकेका पेचाला पाहून घडली. त्याच्या आकारापुढे आधी नम्र झाली, त्याच्या उंचवट्याला आपल्यात खळगा दिला, त्याच्या खळग्यात आपला उंचवटा नेला, आणि असे पुरते त्याच्यासारखे, पण उलटे, झाल्यावरच त्याला फिरवू लागली. कवितेपाशी, रागापाशी आपण रसिक म्हणून दुसरे काय करतो? तिला जे सांगायचे आहे त्याच्या आकाराची पोकळी आधी मनात करावी लागते. मामांनी रसग्रहण हा शब्द जन्मात वापरला नसेल. त्यांच्या कानशीला तो येत होता.

यांतले बहुतेक पेच आता उरले नाहीत. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते. डिस्ट्रिब्युटर गेला, पॉइंट गेला, चार दशांशाची ती फटही गेली. टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी होऊन ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनीही निवृत्त झाली. किल्लीच्या जागी बटण आले. तो गोल नट, ज्याच्यासाठी माझे कर्कटक वाकले, तो तर गाडीसकट कधीचाच भंगारात गेला असणार.

डबा मिटण्याआधी मी परवा एक गोष्ट करून पाहिली. पाइप उभा धरला, त्याच्या तोंडावर वहीचा कागद ताणून बसवला आणि पेन्सिलीचे शिसे आडवे करून हळूहळू घासले. झिजवलेल्या कडेपर्यंत कागद पोचतच नव्हता. तिथे तो कोरा राहिला. फक्त दोन जागी काळे उमटले, समोरासमोर, तुरीच्या डाळीएवढे. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर नेमक्या याच दोन जागा पांढऱ्या होत्या.